मळी, मधलं रान आणि माळ : पंचगंगाकाठच्या एका घराची सात वर्षं

आत्याच्या घरी जुनी दिनदर्शिका फेकत नाहीत. भाताच्या पोत्यांमागं सुतळीनं बांधलेली एक गुंडाळी आहे आणि पुरानंतर या घरानं पिकं कशी बदलली, याचा बहुतेक पुरावा त्या गुंडाळीतच आहे. तारखेच्या चौकोनात शिसपेन्सिलीनं सकाळ-संध्याकाळच्या दुधाचे आकडे आणि कडेला बारीक अक्षरात 'बिल', 'रोपलावण', 'पैरा', 'उसनं आणलं', 'उसनं फेडलं'. ५ ऑगस्ट २०१९ च्या चौकोनात दुधाचा आकडा नाही. तिथं नुसतं 'पाणी' लिहिलंय. पुढचे आठ चौकोन कोरे.

मी शेतकरी नाही. कोल्हापुरात नोकरी करतो, महिन्यातून दोनदा आत्याकडं जातो, भात आणि शेंगा घेऊन परत येतो. 'पीकविविधता' हा शब्द मी आधी भाषणांत ऐकला आणि नंतर या घरात पाहिला. दोन्हींत बराच फरक निघाला. भाषणात पिकांची नावं मोजतात. इथं मोजावं लागलं ते वेगळंच होतं, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

रान कसं आहे

गाव करवीर तालुक्यात, नदीच्या उत्तर काठाला. अंगणातून जोतिबाचा डोंगर दिसतो. जमीन साडेतीन एकर, तीही तीन तुकड्यांत. नदीला लागून पावणेदोन एकर मळी, काळी गाळाची. तिच्या वर पाणंदीच्या अलीकडं एक एकर मधलं रान. आणि गावाच्या वरच्या अंगाला तीस गुंठे माळ, तांबूस, मुरमाड, पाणी न धरणारा. या तीन तुकड्यांतला उंचीचा फरक डोळ्याला फारसा जाणवत नाही. पूर आला की तो नेमका कळतो.

कोल्हापूर जिल्ह्यात पावसाचा हिशेबच विचित्र आहे. गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढं आणि शंभर किलोमीटरच्या आतच असलेल्या शिरोळला पाचशेच्या आसपास. पश्चिमेच्या डोंगरात पडलेलं पाणी कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती यांतून प्रयाग चिखलीला एकत्र येतं, पंचगंगा होतं आणि नरसोबाच्या वाडीला कृष्णेत जातं. त्यामुळं आत्याच्या गावात पावसानं उघडीप दिलेली असते, ऊन पडलेलं असतं आणि मळीत कमरेएवढं पाणी चढत असतं. 'आमच्यात पाऊस न्हाई, पण पूर हाय' हे वाक्य बाहेरच्याला विनोद वाटतं. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट धोका पातळी. नदीकाठच्या घरांत हे दोन आकडे लहान पोरांनाही पाठ असतात. मामांचा, म्हणजे आत्याच्या नवऱ्याचा, स्वतःचा तिसरा आकडा आहे, तो कुठल्याही फलकावर नाही. बंधाऱ्यावर अमुक फूट झालं की मधल्या रानाच्या बांधाला पाणी लागतं, हे त्यांनी २००५ च्या पुरात पाहून ठेवलं होतं.

पाहून ठेवलं होतं, पण वापरलं नव्हतं.

२०१९ : पाणी आलं तेव्हा

२०१९ च्या पावसाळ्यात साडेतीनही एकरांत ऊस होता. मळीत आधीच्या जुलैतला आडसाली, मधल्या रानात खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून फुटलेला), आणि माळावरसुद्धा शेजाऱ्याच्या विहिरीचं पाणी विकत घेऊन सुरूची, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीतली, लावण. यात वेडेपणा काही नव्हता. उसाला गिऱ्हाईक ठरलेलं. कारखाना तोड पाठवतो, वाहतूक बघतो, वजन करतो, बिल बँकेत टाकतो. सेवा सोसायटीचं पीककर्ज उसाला एकरी जास्त मिळतं आणि वसुली बिलातूनच होते, म्हणून सोसायटीही खूश. कायद्यानं ठरलेला किमान दर आहे. ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणं ऊस कारखान्यात पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर होतो, भांडणं होतात, पण दर मागायला निदान दार तरी आहे. टोमॅटोचा दर पडला तर कुणाच्या दारात जायचं? त्यामुळं 'उसाच्या नादाला लागलेला शेतकरी' असं कुणी शहरात बसून म्हणालं की मला राग येतो. एवढी व्यवस्था दुसऱ्या कुठल्याच पिकामागं उभी नाही.

शिवाय ऊस दणकट आहे. दोन-तीन दिवस बुडात पाणी राहिलं तर तो मरत नाही. त्याचं मरण शेंड्यात असतं. गढूळ पाणी शेंड्यावरून गेलं आणि तिथंच थांबलं की पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या कोवळ्या गाभ्यात, गाळ बसतो, पोंगा कुजतो, कांड्यांवरचे डोळे फुटून पांगशा (बाजूचे फुटवे) निघतात, साखर उतरते, ऊस आतून पोकळ पडतो. त्या ऑगस्टमध्ये बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. पुणे-बेंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ दिवसेंदिवस बंद राहिला. मळीतला बारा महिन्यांचा, माणसाहून दीडपट उंच ऊस दिसेनासा झाला. मधल्या रानातला खोडवा शेंड्यापर्यंत बुडाला. फक्त माळावरची सुरू वाचली, पण ती सगळ्यात लहान आणि सगळ्यात हलक्या रानात होती.

घर सोडून सगळे माळाजवळच्या शाळेत गेले. म्हशी बरोबर होत्या, वैरण नव्हती. सगळी वैरण म्हणजे बांधावरचं गवत आणि उसाचा पाला, आणि तो पाण्याखाली. रस्ते तुटल्यानं दूध संकलन बंद. दूध काढायचं आणि शाळेतल्या पोरांना वाटायचं. कोऱ्या चौकोनांचा अर्थ हा आहे.

पाणी ओसरल्यावर खरी अडचण सुरू झाली. उसाचं नुकसान एका दिवसात दिसत नाही. पंचनाम्याला लोक आले तेव्हा ऊस उभा होता, हिरवाही दिसत होता. महिन्याभरानं वाळला. ऑक्टोबर-नोव्हेंबरला अवकाळी पाऊस झाला आणि रान वाळेना. बुडीत ऊस आधी तोडायचा असं सगळ्यांचंच म्हणणं, पण सगळ्याच गावांचा ऊस बुडीत, मग आधी कुणाचा? ऊसतोडीची टोळी आली ती जानेवारीत. एरवीच्या निम्म्याहून कमी वजन भरलं. सोसायटीचं कापून हातात आलं ते दिनदर्शिकेच्या कोपऱ्यात लिहिलंय. तो आकडा इथं देत नाही, आत्याला आवडणार नाही. त्याच पानावर 'उसनं आणलं' हे शब्द तीनदा आहेत.

इथं एक गोष्ट कळली, ती माझ्या मते या प्रकरणाचा कणा आहे. घर मोडत होतं ते नुसत्या नुकसानीनं नव्हे. वर्षाचं सगळं उत्पन्न एकाच तारखेला यायचं होतं. ती तारीख ऑगस्टमध्येच बुडाली होती, आणि ते कळलं जानेवारीत. मधले पाच महिने खर्च चालूच होता.

सरकारी मदतीबद्दल थोडं सांगतो, कारण 'नुकसानभरपाई मिळते की' असं म्हणणारे भेटतात. केंद्राच्या आपत्ती निकषांत २०२२ पासून बागायती पिकाला हेक्टरी १७,००० रुपये धरलेत, तेही ३३ टक्क्यांहून जास्त नुकसान असेल तर आणि २ हेक्टरच्या मर्यादेत. म्हणजे गुंठ्याला साधारण १७० रुपये. एकरी ४० टन ऊस धरला आणि टनाला ३,००० रुपये धरले तर गुंठ्याला ३,००० रुपये होतात. राज्य सरकार कधी वरून भर घालतं, कधी नाही. ही मदत पुढच्या पिकाच्या मशागतीला हातभार लावते, गेलेलं पीक भरून देत नाही. त्यातून प्रधानमंत्री पीकविम्यात आपल्याकडं ऊस बसत नाही. सोयाबीन, भात, भुईमूग बसतात.

फेरमांडणी

ऊस सोडायचा का, यावर २०२० च्या उन्हाळ्यात टाळेबंदीत घरात बसून भरपूर वाद झाले. मामा म्हणायचे, ऊस सोडून खायचं काय. त्यांचा थोरला, माझा आतेभाऊ, म्हणायचा, माळावरचं पाणी तोडून टाका, ते परवडत नाही. आत्या वादात पडली नाही. तिनं एकच विचारलं, "ऑगष्टात हितं पाणी येतंय म्हणून ठाव हाय, तर ऑगष्टात हितं काय असावं आन् काय नसावं?"

माझ्या ऐकण्यात या विषयावरचा एवढा नेमका प्रश्न दुसरा नाही. कुठलं पीक चांगलं, कुठल्याला दर, असं तिनं विचारलंच नाही. तारीख आणि जागा धरली.

मग प्रत्येक तुकड्याचं वेगळं ठरलं. मळीतला अगदी नदीकडचा खोलगट पट्टा, वीस-बावीस गुंठे, पावसाळ्यात विकायच्या पिकाला द्यायचाच नाही. तिथं जूनमध्ये धैंचा, हिरवळीच्या खताचं पीक. पूर आला तर आला, नाही आला तर गाडायचा. पाणी ओसरल्यावर गाळावर शाळू, म्हणजे रब्बी ज्वारी, नाहीतर हरभरा. यात नवीन काही नव्हतं. मामांच्या आईच्या काळात ती पट्टी अशीच ठेवायचे. नदीवर मोटार बसली आणि बारमाही ऊस आला तेव्हा ती सवय मोडली. जुन्या लोकांचं 'गाळावरचा शाळू' हे नुसतं आठवणीतलं कौतुक नव्हतं, पुराशी केलेला तो रोखठोक व्यवहार होता.

मळीच्या उरलेल्या भागात ऊसच, पण लावणीचा महिना बदलला. जुलैतली आडसाली लावण पूर आला की महिन्याभराचं कोंब असते, सरळ कुजते. जानेवारी-फेब्रुवारीची सुरू ऑगस्टमध्ये सहा-सात महिन्यांची, अजून बुटकी. ऑक्टोबर-नोव्हेंबरची पूर्वहंगामी लावण ऑगस्टपर्यंत नऊ-दहा महिन्यांची होते, उंच होते, मध्यम पुरात शेंडा वर राहतो. २०१९ सारख्या पाण्यात तीही बुडेल. पण दरवर्षी २०१९ येत नाही. ४५-४७ फुटांचं पाणी मात्र बऱ्याचदा येतं. शिवाय पूर्वहंगामी लावणीत सुरुवातीचे तीन महिने दोन सऱ्यांमध्ये जागा मोकळी असते. त्यांनी सरी रुंद सोडली, मधे हरभरा टोकला. तो फेब्रुवारीत निघतो, तोवर उसाची भरणी करायची, म्हणजे बुडाला माती लावायची, वेळ झालेली असते.

मधल्या रानात भात. इथं मला वाटलं होतं की आजऱ्याच्या घनसाळसारखं काही सुवासिक लावतील, दरही बरा. मामा हसले. घनसाळ आजऱ्याच्या हवेतला, त्याला भौगोलिक मानांकन आहे ते उगाच नाही. इथं लावला तर वास राहील आजऱ्यात. त्यांनी इंद्रायणी लावला. भात निवडण्याचं कारण दराशी संबंधित नव्हतंच. पाण्यात चार दिवस काढू शकेल असं खरिपाचं दुसरं पीक या घराला माहीत नव्हतं. सोयाबीनच्या मुळाशी दोन-तीन दिवस पाणी साचलं की ते पिवळं पडतं. भाताचं रोप तग धरतं, आणि गेलंच तर तरव्यात, म्हणजे रोपं तयार करायच्या वाफ्यात, राखून ठेवलेल्या रोपांनी नांगे (मोकळ्या पडलेल्या जागा) भरता येतात. म्हणून तरवा गरजेपेक्षा थोडा जास्त टाकायचा आणि तो माळावर टाकायचा, हा आत्याचा नियम. भातानंतर त्याच रानात उन्हाळी भुईमूग.

आणि माळ. विकतचं पाणी बंद झालं, ऊस निघाला. आता तिथं सोयाबीन, दर सहा ओळींनंतर एक ओळ तुरीची, कडेच्या उताराला थोडी नाचणी आणि बांधाला घेवडा, दोडका. अशा मिसळीला जुनी माणसं इरवाड म्हणायची. सोयाबीन कसबे डिग्रजच्या संशोधन केंद्रातून निघालेलं, फुले संगम, कारण आपल्या भागात सप्टेंबरच्या ओलसर हवेत सोयाबीनवर तांबेरा येतो आणि हा वाण त्याला बऱ्यापैकी पुरून उरतो. नाचणी फुले नाचणी, कोल्हापूरच्याच संशोधन केंद्राची. नाचणीचं उत्पन्न पोतंभरसुद्धा नाही. ती मोजण्यात धरू नका असं आतेभाऊ म्हणतो. आत्या धरते, कारण आजारपणात आणि बाळंतपणात आंबिलीला ती लागते आणि विकत घ्यायला गेलं तर दर ऐकून माणूस परत येतो.

म्हशी दोनच्या तीन झाल्या. त्याचं कारण वैरण. हिवाळ्यात तोडणीच्या वेळी उसाचं वाडं (हिरवे शेंडे), मग शाळूचा कडबा, उन्हाळ्यात भुईमुगाचा वेल, आणि भाताची पिंजर (वाळलेला पेंढा) वर्षभर. पिंजर आणि कडब्याची बुचाडं माळावर रचायची, मळीजवळ नाही. एवढी साधी गोष्ट २०१९ च्या आधी कुणाला सुचली नव्हती.

तीन वर्षं, तीन निकाल

२०२१ साली जुलैच्या २२-२३ तारखेला सह्याद्रीवर अक्षरशः आभाळ फाटलं. महाबळेश्वरला एका दिवसात ५९४ मिलिमीटर. इथंही नदी धोका पातळीच्या दहा फुटांहून वर गेली. पूर २०१९ च्याच तोडीचा, फक्त दोन आठवडे आधी आलेला. हे दोन आठवडे महत्त्वाचे ठरले. मळीच्या पट्टीतला धैंचा बुडाला, कुणाला दुःख झालं नाही. उसाचा खालचा भाग गेला, वरचा राहिला. मधल्या रानातली भाताची लावण तीन आठवड्यांची होती, चार दिवस पाण्याखाली राहिली, तिसरा हिस्सा गेला. माळावरच्या तरव्यातलं उरलेलं रोप आणून नांगे भरले. माळावरच्या सोयाबीनला पावसाचा मार बसला, पण चर काढलेले होते, पाणी वाहून गेलं. दूध चार दिवस बंद. वैरण होती.

त्या वर्षीची दिनदर्शिका २०१९ च्या शेजारी ठेवून पाहिली. नुकसान झालेलं आहेच, 'उसनं आणलं' एकदा आहे. पण दिवाळीआधी सोयाबीनचे पैसे आलेत, मार्चमध्ये हरभऱ्याचे, उसाचं बिल फेब्रुवारीत, आणि मधे दर दहा दिवसांनी दुधाचं बिल. पाणी ओसरल्यापासून सोयाबीनच्या पैशापर्यंत जे अडीच महिने होते, ते दुधानं ओढून नेले.

२०२३ चा निकाल उलट्या बाजूचा. तो ऑगस्ट देशभरात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला. सोयाबीन फुलोऱ्यात असताना माळ तडकला. ज्या माळानं पुरात घर राखलं होतं, तोच आता आधी गेला. सोयाबीन निम्म्यावर आलं. तुरीची मुळं खोल जातात, तिनं सप्टेंबरच्या पावसाची वाट पाहिली आणि बऱ्यापैकी दिलं. मळी, मधलं रान नदीच्या पाण्यावर तगलं, मोटारीच्या विजेसाठी रात्री जागून. त्यातच नोव्हेंबरमध्ये ऊसदराचं आंदोलन झालं, हंगाम लांबला, महामार्ग पुन्हा शिरोलीला अडला, या वेळी पाण्यानं नव्हे तर शेतकऱ्यांनी. आधीच्या हंगामातल्या उसाला टनामागं ५० ते १०० रुपये वाढवून द्यायचं ठरल्यावर तोडी सुरू झाल्या. आतेभाऊ त्या आंदोलनात होता. हा मुद्दा मी मुद्दाम घालतोय. पिकाला बसणारा धक्का आभाळातूनच येतो असं नाही, आणि घराच्या खात्यात पावसाचा उशीर आणि बिलाचा उशीर एकाच रकान्यात पडतो.

२०२५ नं मात्र सगळ्यांना गप्प केलं. मे महिन्यातच पाऊस लागला. मोसमी पाऊस मुंबईत २६ मेला पोचला, इतका लवकर तो नोंदीत कधी आला नव्हता. मधल्या रानात उन्हाळी भुईमूग काढणीला आलेला. वाफसाच, म्हणजे रानात काम करता येईल एवढी सुकी ओल, मिळेना. शेंगा जमिनीतच कोंबारल्या. उपटून आणलेल्या वेलाला बुरशी आली, म्हणजे पिकाबरोबर वैरणही गेली. माळाची मशागत करायला घात मिळाली नाही, सोयाबीनची पेरणी लांबली. धैंच्याचं बी घरातच राहिलं. ऊस, भात, भुईमूग, सोयाबीन, धैंचा या पाच पिकांतली तीन एकाच पावसात अडकली. उभं राहिलं कोण? ऊस. उन्हाळ्यात पाणी द्यायचे पैसे वाचले, मेच्या पावसात तो तरारून आला.

मी तेव्हा आत्याला म्हणालो, "मग विविधतेचा उपयोग काय झाला?"

ती म्हणाली, "आरं, ऊस बी त्यातलाच न्हाई का?"

तिचं बरोबर होतं. ऊस आणि विविधता हे दोन पक्ष मी डोक्यात करून बसलो होतो. तिच्या मांडणीत ऊस हे पाचांतलं एक पीक होतं, कधी आधी मरणारं, कधी शेवटी. तिला फक्त इतकंच हवं होतं की पाचही एकाच कारणानं, एकाच आठवड्यात जाऊ नयेत. २०२५ मध्ये तीन गेली, कारण तिघांचीही जमिनीला वाफसा असण्याची गरज एकाच आठ-दहा दिवसांत येत होती. ही खोट मांडणीत आधीपासून होती, मेमध्ये पाऊस लागेपर्यंत दिसली नव्हती. आता भुईमुगाची पेरणी जानेवारीच्या मध्यापुढं जाऊ द्यायची नाही, आणि त्यासाठी भात हळवा, म्हणजे लवकर येणारा, लावायचा, एवढी दुरुस्ती ठरलीय. एक पीक हलवलं की आधीचं हलवावं लागतं.

जमिनीचाही एक हिशेब आहे. उसावर ऊस घेतलेल्या मधल्या रानात हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, वाढली होती. भातात पाणी साठवल्यावर ती कमी झाली. आणि ज्या पट्टीत हरभरा-शाळू झाला, तिथं पुढं घेतलेला ऊस खताच्या कमी पोत्यांत तेवढाच आला. याला इथं बेवड म्हणतात. सोयाबीनचा बेवड, हरभऱ्याचा बेवड. घराघरांत हा शब्द आहे, पण सलग ऊस घेणाऱ्याला तो वापरायची वेळच येत नाही. शिरोळ तालुक्यात भरमसाट पाणी आणि पिढ्यान्‌पिढ्यांचा ऊस यांनी हजारो एकर क्षारपड झालेत. निचऱ्याच्या नळ्या घालायला तिथं किती पैसा लागतो, हे ज्यानं पाहिलंय त्याला बेवडाची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

याचे कष्ट कुणाचे

इथवर वाचून कुणाला वाटेल की सगळीकडं असंच करावं. थांबा. सलग ऊस असताना आत्याचं रानातलं काम लावण आणि एक-दोन भांगलणी (खुरपण्या) एवढंच होतं, पुढं तणनाशक. आता जून ते ऑक्टोबर तिला आणि सूनबाईला बसायला फुरसत नाही. तरवा, रोपलावण, सोयाबीनची भांगलण, घेवड्याची तोडणी, नाचणीची कणसं खुडणं, वर तिसरी म्हैस. मजूर मिळत नाहीत म्हणून पैरा करायचा, म्हणजे आज पाचजणी आमच्यात, उद्यापासून पाच दिवस आपण त्यांच्यात. दिनदर्शिकेत 'पैरा' हा शब्द २०१८ च्या पानांवर अधूनमधून दिसतो. २०२२ च्या जुलैत तो ओळीनं नऊ दिवस आहे. हवामान सोसायची घराची ताकद वाढली हे खरं, पण ती कुणाच्या कमरेवर वाढली हेही लिहायला हवं. बैठकांमध्ये मला हा मुद्दा कधीच ऐकू येत नाही. कदाचित त्या बैठकांना या बायका नसतात म्हणून.

दुसरी अडचण यंत्राची. वीस गुंठ्यांसाठी मळणी यंत्रवाला लवकर येत नाही. मोठ्या रानांचं उरकून येतो, तोवर सोयाबीनच्या शेंगा फुटायला लागतात. तिसरी दराची. २०२४ च्या खरिपात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता, बाजारात त्याच्या बराच खाली गेलं. दहा-बारा पोत्यांसाठी खरेदी केंद्राच्या ओलाव्याच्या अटी आणि रांगा कोण सोसणार? व्यापाऱ्याला घातलं. चौथी सोसायटीची. ऊस कमी दाखवला की कर्जाची मर्यादा कमी होते, म्हणून कितीतरी घरं रान बदलायचं म्हणतात आणि सातबारावरची नोंद बघून थांबतात. पाचवी गवा. दोन-तीन वर्षांपासून डोंगराकडून कळप खाली येतात, आणि उभ्या उसात शिरण्यापेक्षा त्यांना माळावरची हिरवी तूर जास्त आवडते.

या सगळ्यात आत्याचं घर टिकलं त्यामागं एक नशीबही आहे, ते झाकून चालणार नाही. त्यांच्याकडं तीन उंचीची जमीन आहे. ज्याचं दोन एकर सगळंच मळीत आहे, त्यानं पाच पिकं घेतली तरी २०१९ मध्ये पाचही बुडतील. शेजारच्या एका घरानं यावर काढलेला तोडगा मला आवडला. त्यांनी आपली अर्धा एकर मळी माळवाल्याला हिवाळ्यात शाळूला दिली आणि त्याच्या माळाचा तुकडा पावसाळ्यात आपल्याकडं घेतला. कागद नाही, बोली. चार वर्षं चाललंय.

गेल्या महिन्यात गेलो तेव्हा घरात पुन्हा वाद चालू होता. माळापर्यंत पाइपलाइन आणायची गावात चर्चा आहे. पाणी आलं तर माळावर पुन्हा ऊस, असं आतेभावाचं म्हणणं. आता त्याच्या दोन्ही पोरांच्या शिक्षणाचा खर्च आहे आणि उसाचं बिल एकरकमी येतं. मामा कुणाच्याच बाजूनं बोलले नाहीत. आत्यानं तीसपैकी दहा गुंठे मागितले, तरव्याला आणि बुचाडाला. आतेभाऊ पाचवर आला होता. मी निघालो तेव्हा ती नव्या दिनदर्शिकेच्या मागच्या कोऱ्या पानावर माळाचा चौकोन काढून त्यात रेघा मारत बसली होती.